बागवान सरांच्या टीमचे फाऊल

हे लिहायचं मी आजवर टाळलं. जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यात बागवान सरांचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. आता नगरला सावेडीत मुलाच्या फ्लॅटवर असतो. खाली पोरं बॉल आपटतात. त्या आवाजानं डोळे मिटतात आणि मुरमाचं एक ग्राउंड दिसायला लागतं. कलत्या उन्हात धूळ तरंगते आहे, आणि त्या तांबूस धुळीत दहा मुलं आवाज न करता धावताहेत.

स्वातंत्र्यानंतरचं दुसरं वर्ष होतं. नगरच्या एका कॉलेजात मी गणित शिकवायचो. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. बास्केटबॉलच्या मॅचला टेबलाशी बसून स्कोअरशीट भरायचं कामही माझ्याकडे असे. या कागदावर कुणी बास्केट केली आणि कुणी फाऊल केला, ते नावापुढे लिहितात. फाऊल म्हणजे धक्का देणं, हात धरणं. तो झाला की समोरच्याला मोकळेपणी बॉल टाकायला मिळतो.

आमचे कोच बागवान सर. नेवाशाचे, फळांच्या व्यापाऱ्याच्या घरातले. नगरच्या छावणीतल्या गोऱ्या सोल्जरांचा खेळ कुंपणाबाहेरून बघून शिकलेले. कॉलेजच्या मोकळ्या जागेत खांब त्यांनीच पुरले, रिंगा लोहाराकडून करून घेतल्या.

रेफरीनं शिट्टी मारली की फाऊल करणाऱ्यानं हात वर करायचा, ही तेव्हाची रीत. सरांची मुलं शिट्टी नाही वाजली तरी हात वर करायची. रेफरी आधी गोंधळायचा, मग शिट्टी मारायचा. मी शीटवर एक फाऊल वाढवायचो.

त्या वर्षी पुण्याच्या टीमशी फायनल झाली. शेवटचं मिनिट. आम्ही एका गुणानं पुढे. रिंगखाली गर्दी झाली, त्यांचा बॉल हुकला. लोक उठून ओरडायला लागले. आणि आमचा कॅप्टन कोंडिराम एक हात वर करून उभा. त्यांना दोन थ्रो मिळाले. दोन्ही आत गेले. आम्ही हरलो.

प्राचार्य थेट ग्राउंडवर आले. "रेफरीनं बघितलं होतं का रे?"

"न्हाई साहेब."

"मग हात कशाला वर केलास?"

"म्या धरला हुता ना त्याला."

बागवान सर मागून म्हणाले, "हात वर केलास ते ठीक. पण धरलास कशाला, गाढवा? पाय हलवायचे होते!"

कोंडिराम हसला. प्राचार्य हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मुळे, बागवानांना कायम करायचं की नाही, हे कमिटी ठरवणार आहे. तीन वर्षांत त्यांनी काय केलं आणि पुढे त्यांचा उपयोग काय, एका पानात लिहून द्या."

"माझं मत लिहू?"

"मत नको. आकडे द्या. आणि हो, तुमचं कन्फर्मेशनही त्याच मीटिंगमध्ये आहे."

मी जुन्या शीट काढल्या. मॅच किती, जिंकल्या किती, फाऊल किती. फाऊलमध्ये आमची टीम सगळ्यांच्या वर. कच्च्या कागदावर खाली एक वाक्य लिहिलं: 'यातले बरेच फाऊल मुलांनी स्वतःहून कबूल केलेले आहेत.' टाइप करताना ते गाळलं. पानावर जागा होती.

"बेशिस्त टीम," प्राचार्य पान वाचून म्हणाले.

सरांना काढल्याचं पत्र मिळालं, त्यासोबत माझं पानही. ते घेऊन ते स्टाफरूममध्ये आले. "मुळे सर, आकडे बरोबर आहेत ना?"

"हो, सर."

त्यांनी पानाची नीट घडी घातली. "तुमची शीट कधी चुकत नाही," म्हणाले आणि गेले.

मी कायम झालो. नवे कोच आले. पुढच्याच वर्षी आम्ही शील्ड जिंकली. फाऊल निम्म्यावर आले, कारण शिट्टीशिवाय कुणी हात वर करेना. कोंडिरामनं खेळ सोडला.

बऱ्याच वर्षांनी मी नेवाशाला गेलो. 'सर, फाऊल माझा होता,' एवढं वाक्य नगरपासून मनात घोळवत होतो. सर एसटी स्टँडसमोरच्या दुकानात पेरू मांडत होते. दाढी पांढरी झाली होती. दुकानामागे प्रवरेच्या बाजूला दोन खांब आणि रिंगा. पलीकडे नदीवर ऊन उतरलं होतं आणि धुळीत मुलं खेळत होती, अगदी तशीच. मध्येच एकानं हात वर केला. शिट्टी मारायला तिथं कुणी नव्हतंच. वर्षं गेलीच नाहीत, असं क्षणभर वाटलं.

"इकडे कसे काय, मुळे सर?"

"सहज. ज्ञानेश्वरांच्या देवळात आलो होतो."

देवळात मी गेलो नव्हतो.

त्यांनी पेरू तोलले. "वजन बघून घ्या. आकड्यांचे पक्के तुम्ही."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

एवढ्या नोकरीत एकच गोष्ट कळली. आकडे सगळे खरे असले, तरी अहवाल खोटा असू शकतो. हे त्या दुकानात सांगायचं होतं. पण मी एसटीची वेळ झाली म्हणालो.

गाडी सुटली तेव्हा ते दुकानाच्या दाराशी उभे होते. निरोपाला त्यांनी हात वर केला. मी दोन्ही हातांनी पेरूंची पिशवी घट्ट धरून बसलो.