पी-थ्रीवर पाहिलेलं लग्न

केजच्या आमच्या स्टुडिओत दोन कॉम्प्युटर होते. एक लॅपटॉप, नणंदेच्या नवऱ्याच्या पुण्यातल्या ऑफिसने काढून टाकलेला. दुसरा डेस्कटॉप, आम्ही सुटे भाग आणून नवा जुळवून घेतलेला. लॅपटॉप पी-थ्री आणि डेस्कटॉप पी-फोर, म्हणजे आतला प्रोसेसर पेंटियम थ्री आणि पेंटियम फोर. तेव्हा गिऱ्हाईक कॉम्प्युटरबद्दल एवढंच विचारायचं. "पी-फोर हाय का?" म्हणायचं, हो म्हटलं की मान डोलवून लग्नाची ऑर्डर देऊन जायचं.

नवरा शूटिंग करायचा, मिक्सिंग माझ्याकडे. मिक्सिंग म्हणजे कॅसेटमधलं लग्न कॉम्प्युटरमध्ये ओतायचं, नको ते कापायचं, गाणी घालायची, पाहुण्यांची नावं टाकायची. मग सगळं जोडून एक सलग फिल्म करायला यंत्राला सांगायचं. याला आम्ही रेंडरिंगला लावणं म्हणायचो. प्रोसेसरची खरी ताकद इथे कळायची. लॅपटॉपवर संध्याकाळी लावलेलं लग्न दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेलाही सरपटतच असायचं. त्याची पाठ इतकी तापायची की मी त्याच्याखाली स्टीलची ताटली ठेवायचे, आणि तापला की तो आपणच आणखी सावकाश व्हायचा. डेस्कटॉपवर तेच लग्न लावून मी वर घरात जाऊन स्वयंपाक उरकून येईपर्यंत तयार. कागदावर नव्याचा आकडा जुन्याच्या तिप्पट होता, कामात फरक त्याहून मोठा.

पण पी-फोरला लाईट लागायची, आणि ती आमच्याकडे नसायची. केजला सकाळी जायची, दुपारी जायची, खेड्यांत तर ती कधी येते एवढंच विचारायचं. यूपीएस होता, तो नीट बंद करण्यापुरता. रेंडरिंग अर्ध्यात तुटलं की झालेलं सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी असली तरी थोडा वेळ तग धरायची. म्हणजे ज्याच्यात दम होता त्याला लाईट नव्हती आणि जो लाईटविना चालायचा त्याच्यात दम नव्हता. या दोघांवर आमचं दुकान चालायचं.

त्या उन्हाळ्यात नांदूरघाटच्या एका आडत व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न आम्ही शूट केलं. लग्न केजच्या मंगल कार्यालयात झालं. मुलीचे वडील, गाव त्यांना अप्पा म्हणायचं, लग्नाला नव्हते. घशाचं दुखणं होतं, आणि लग्नाच्या दिवशी ते अंबाजोगाईला दवाखान्यात होते. तारीख पुढे ढकलू नका असं त्यांनीच सांगितलं होतं. कन्यादानाला त्यांचा धाकटा भाऊ बसला.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो धाकटा भाऊ सकाळी सकाळी दुकानात आला. माझ्या नवऱ्याचा जुना दोस्त, म्हणून मला वहिनी म्हणायचा.

"वहिनी, सीडी झाली का?"

"भाऊजी, सीझन आहे. आठ दिवस लागतील म्हणाले होते ना मी?"

"आठ दिवस अप्पाकडं न्हाईत." तुरीचा भाव सांगावा तसं ते म्हणाले. "डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. काल दोन बार विचारलं त्यानं, कॅसेट आली का म्हणून. बोलायला लई तरास होतो, तरी विचारतो."

मी म्हटलं, कॅमेरा असता तर तोच टीव्हीला लावून दाखवला असता. पण कॅमेरा घेऊन नवरा धारूरला दुसऱ्या लग्नाला गेला होता. शिवाय नांदूरघाटला दिवसभर लाईट नाही, टीव्ही लागणार कशावर? अप्पांच्या घरी इन्व्हर्टर होता, पण तो भरायलाही लाईट लागते. मांडववाल्याचा जनरेटर एका लग्नाला गेलेला. राहिला लॅपटॉप.

लग्न पी-फोरमध्ये आधीच ओतून झालं होतं. ठरवलं असं, की पी-फोरवर निदान अक्षता पडेपर्यंतचं लग्न तयार करायचं, लॅपटॉपमध्ये भरायचं आणि तो घेऊन जायचं. सुरुवातीला फेटे होते. आमच्याकडे लग्नाची फिल्म अशीच सुरू होते: आधी साहेब, मग चेअरमन, मग सभापती, मग बाकीचे, प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ, आणि खाली पदासकट नाव. नवरी त्यानंतर.

"फेटे काढून टाकू का?" मी विचारलं. "लग्नच तेवढं दाखवू."

"न्हाई न्हाई," भाऊजी म्हणाले. "साहेब आलते ते अप्पाला बघू द्या. त्यासाठीच तर चार चकरा मारल्या व्हत्या त्यानं, आजारी असताना. बाकीचे पुढं ढकलता येतील की."

ते खरं होतं. पी-फोरवर चित्राखालची पट्टी माऊसने धरून ओढली की फिल्म हवी तिथे जायची.

पहिल्यांदा लावलं आणि लाईट गेली. आली, पुन्हा पहिल्यापासून लावलं. दुसऱ्यांदा झालं. मग ती फाईल लॅपटॉपमध्ये भरायला लावली, तीही थेंबाथेंबाने गळायला लागली. भाऊजी स्टुलावर बसून पडद्यावर हळूहळू भरणाऱ्या पट्टीकडे बघत होते.

"हे अंबाजोगाईच्या सलाईनवाणी हाय," ते म्हणाले.

काळ्या-पिवळ्या जीपमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन मी भाऊजींबरोबर नांदूरघाटला गेले. अप्पा दुकानामागच्या खोलीत खाटेवर उशांना टेकून बसले होते. कपाळावर विभूती ताजी होती. पायथ्याशी नवरी बसलेली, माहेरी आलेली, हातात हिरवा चुडा. त्यांची बायको वर्तमानपत्राने वारा घालत होती. तेलाचा एक मोठा डबा खाटेजवळ ओढून त्यावर मी लॅपटॉप ठेवला आणि फिल्म लावली.

फुलं आली, दोघांची नावं आली, सनई सुरू झाली. चित्र थोडं चाललं आणि अडकलं. आवाज मात्र पुढे निघून गेला. साहेबांच्या डोक्याला फेट्याचा एक वेढा बसला होता आणि दुसरा हवेत होता. सूत्रसंचालक केव्हाच चेअरमनला स्टेजवर बोलवत होता. मधेच चित्र दोन-तीन उड्या मारून पुढे यायचं आणि पुन्हा थांबायचं, साहेबांचं तोंड अर्धवट उघडं.

अप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ह्याचा फेटा कवा बांधून व्हायचा?"

सगळे हसले. मीही हसले आणि पट्टी धरून पुढे ओढली. वाळूचं घड्याळ आलं. पडदा पांढरा झाला. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. मी थांबले, मग आणखी थांबले, मग बंद करून पुन्हा सुरू केला. तोही त्याच्या वेळेने सुरू झाला. फुलं, नावं, सनई, साहेब.

"अहो ताई, ते सोडा, आमची पोरगी दाखवा की," अप्पांची बायको म्हणाली.

"दाखवते. जरा यंत्र सावकाश आहे."

आता ओढायचं नाही, चालेल तसं चालू द्यायचं, असं मी ठरवलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मला मिक्सर दुरुस्त करता येतो, फ्यूज बांधता येतो, नवऱ्याच्या कॅमेऱ्याची पट्टी मीच शिवते. इथे मी हात मांडीवर ठेवून कोपऱ्यातलं बॅटरीचं चित्र रिकामं होताना बघत बसले.

चेअरमन, सभापती, एक माजी सदस्य. आणि मग आवाजात मंगलाष्टकं सुरू झाली. चित्र सदस्याच्या नारळावर अडकलेलं.

"अप्पा, आता मी यायलेय," नवरी म्हणाली. "मामांनी आणलंय मला. पिवळं नेसलेय मी, तुमी घेतलेलं."

अप्पांनी मान पुढे काढली. पडद्यावर तो माणूस, शाल आणि नारळ. आवाजात लग्न लावणाऱ्या जंगम महाराजांचा खणखणीत सूर. 'सावधान' आलं, लोकांचा गलका आला. अप्पांनी उशाजवळ हाताने चाचपलं.

"पाणी पायजे का?" बायकोने विचारलं. अप्पांचा हात अक्षतांची चिमूट धरल्यासारखा तसाच राहिला.

चित्राने एक उडी मारली. नवरी दिसली, म्हणजे तिची मुंडावळ आणि अर्धा गाल, आणि पडदा काळा झाला.

"संपलं का?" अप्पांनी विचारलं.

"बॅटरी गेली, अप्पा."

"लाईट कवा येती?"

"सहाला," भाऊजी म्हणाले.

"मग सहाला लावा." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चा पिऊन जा."

मी चहा प्यायले. नवरीला चार्जर कुठे लावायचा, बटण कुठलं, फाईल कुठली, हे दोनदा करून दाखवलं, म्हणजे काळ्या पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, आणि लॅपटॉप तिथेच ठेवून केजला परत आले. घरी धारूरहून नवरा आलेला होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, "बॅटरीवर तो मुद्दाम हळू चालतो. बॅटरी पुरावी म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. लाईटीवर लावला असता तर चालला असता की बऱ्यापैकी."

"लाईट असती तर मी टीव्हीच लावला असता," मी म्हटलं.

पुढचं मला भाऊजींकडून कळलं. नांदूरघाटला सहाला लाईट आली. नवरीने लॅपटॉप लावला. माझ्या नवऱ्याने सांगितलं तसंच झालं, फिल्म फार न अडकता चालली. फेटे झाले, नवरी आली, अक्षता पडल्या. पण दुपारी मी परत निघाल्यावर दुखणं वाढलं म्हणून गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं आणि अप्पा झोपेत होते. त्यांना हलवून पाहिलं, डोळे उघडले नाहीत. मग बायकोने लॅपटॉप त्यांच्या कानाजवळ उशीवर ठेवायला सांगितला आणि बाकीच्यांनी लग्न पाहिलं. ते त्या झोपेतून उठले नाहीत.

पुढच्या आठवड्यात भाऊजी लॅपटॉप परत द्यायला आले. चार्जरची वायर नीट गुंडाळून आणली होती. मी तोपर्यंत पी-फोरवर पूर्ण लग्न तयार केलं होतं, फक्त सीडीवर चढवायचं बाकी होतं. त्यांना दाखवलं. पट्टी ओढली की झर्रकन पुढे जायचं, नवरी, अक्षता, पंगत, पाठवणी, कुठेही. त्यांनी माऊस मागून घेतला आणि स्वतःच पट्टी मागेपुढे केली.

"लई झ्याक चालतंय की," ते म्हणाले.

मी म्हटलं, "भाऊजी, फेटे मागे टाकते. आधी लग्न, मग सत्कार. कापायचंही नाही काही, नुसतं जागा बदलायची. एवढा वेळ आहे माझ्याकडे."

त्यांनी पट्टी पुन्हा सुरुवातीकडे ओढली. तिथे साहेबांचा फेटा पूर्ण बांधून झाला होता आणि ते हात जोडत होते.

"राहू द्या, वहिनी," ते म्हणाले. "एक सीडी साहेबांकडं द्यायची हाय. त्यांनी लावली आन् आधी दिसले न्हाईत, तर बरं दिसत न्हाई."

मी सीडी आत घातली आणि लिहायला लावली.