चटणीचं जळण

रावेरकडच्या सासरी माझ्या इंग्रजी शाळेचा उपयोग कुणालाच सापडत नव्हता, मलाही नाही. तो पहिल्यांदा सापडला थोरल्या जाऊबाईंना. त्यांना सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही.

अक्कांची एक चटणी होती. टमाटे, लसूण, लाल मिरच्या चुलीत भाजून पाट्यावर वाटायचं, चिंचेचा कोळ आणि गूळ घालून दाट होईतो आटवायचं. शेतात वांगी, कणसं, रताळी भाजली की त्यांवर ती माखून पुन्हा क्षणभर निखाऱ्यावर धरायची. कडेला करपलेला गूळ मिळावा म्हणून म्हातारी माणसंही पुढे सरकत.

जळगावच्या एका महिला मंडळानं पाककृतींचं पुस्तक काढायचं ठरवलं. अक्कांना त्यात ही चटणी हवी होती, फार हवी होती. "लेकी परगावी गेल्या. एकीलेबी माह्यासारखी जमत नाही. छापली म्हंजे राहील तरी." पण आलेली कृती मंडळात कागदाबरहुकूम करून बघत, आणि पसंत पडली तरच घेत.

लिहायचं माझ्याकडे आलं. घरात लोणच्याचा एक जुना मोडी कागद होता. सासरे तो वाचून दाखवत: 'फोडी कराव्या, मसाला अंदाजे घालावा.' लिहिणाऱ्यानं धरलं होतं की वाचणारीला स्वयंपाक येतोच. शाळेतल्या पुस्तकांनी धरलं होतं की तिला काहीच येत नाही. आधी साहित्य, मापासकट, मग कृती. मला दुसरी पद्धत सुरक्षित वाटली. अक्का मूठ भरत, मी ती वाटीत रिकामी करवून घेई.

"अवं, माहा हातच कापून ने ना जळगावले!"

कागद टपालानं आधी गेला होता; बोलावणं आल्यावर मंडळात आम्ही पोचलो तेव्हा त्यावरून केलेली चटणी तयार होती. "चांगली आहे," मंडळाच्या मुख्य बाई म्हणाल्या, "पण विशेष काय? आंबटगोड चटणी घरोघरी होते."

अक्कांनी बोटावर घेऊन चाखली. मला वाटलं, आता माझ्या वाटीच्या मापांना दोष लागणार. त्या हळूच एवढंच म्हणाल्या, "हे तं आपलं नाहीच, माय." आणि सरळ मंडळाच्या स्वयंपाकघरात शिरल्या. तिथे स्टोव्ह होता.

"टमाटे कशावर भाजले?"

"कशावर म्हणजे? याच्यावर, तव्यात. कागदावर नुसतं 'भाजावे' आहे."

आमच्याकडे कापूस वेचून झाला की वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून गोठ्यामागे रचून ठेवत, आणि वर्षभर चूल त्यांवरच पेटे. भर्रकन जळणाऱ्या त्या बारीक काड्यांचा धूर टमाट्याच्या सालीखाली शिरतो. पण जळण हे काही साहित्य आहे, असं अक्कांना कधी वाटलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं.

"पुढच्या बाजारी पुन्हा येतो," अक्का म्हणाल्या. "जळण आमचं."

पुढच्या खेपेला मोटारीच्या टपावर मोळी चढवताना कंडक्टर म्हणाला, "मावशी, जळगावात लाकडं मिळत नाहीत का?"

"मिळतात ना. तुह्यासारखी वली. नुसती धुपतात!"

मंडळाच्या अंगणात त्यांनी तीन विटा मांडल्या. वांगी भाजली, चटणी माखली. बाईंनी एक घास खाल्ला, मग करपलेली कड मागून घेतली.

"ही घेऊ," त्या म्हणाल्या. "मात्र पऱ्हाट्यांचं गाळू. शहरातल्या बाईनं त्या आणायच्या कुठून?"

हवं ते समोर आलं होतं. अक्कांनी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. त्यांनी पदराला हात पुसले, दोनदा पुसले.

"गाळायचं असंल तं बठ्ठी चटणीच गाळा. मागल्या खेपेसारखी छापून लेकींले काय शिकवू?"

परक्यांसमोर तोंड उघडायची मला सवय नव्हती. तरी अक्कांकडे बघता बघता माझा आवाज फुटला. "साहित्यात पहिली ओळ पऱ्हाट्यांची लिहा. नंतर टमाटे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल घेतली.

पुस्तकात तसंच छापलं. आखाजीच्या सणाला अक्कांची थोरली लेक माहेरी आली. तिनं ते पान उभ्या उभ्या वाचलं. सासरी निघायच्या सकाळी ट्रंक उघडीच टाकून ती गोठ्यामागे गेली आणि पऱ्हाट्यांची मोळी बांधायला बसली.