देव डाव्या हाताला

विद्युलताबाईंच्या निम्म्या फुलवाती वळून झाल्या होत्या. पाणी प्यायला उठल्या, तर टेबलावर उपम्याची ताटली झाकलेली, जशीच्या तशी. शेजारी इन्सुलिनचं पेन, टोपण काढलेलं. म्हणजे वसंतरावांनी टोचून घेतलं आणि न खाताच फिरायला गेले; वाटेत साखर उतरणार. फोनही घरीच.

कापूस तसाच टाकून, नैवेद्याच्या वाटीतली साखर पदराला बांधून त्या निघाल्या.

नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी साताऱ्याहून चेन्नईत आल्याला अर्धं आयुष्य झालं. देवळं इथली, देव तेच, असं त्या म्हणायच्या. मैलापूरच्या या जुन्या बागेतही त्या नुसतं फिरत नसत. बागेच्या मधोमध पिंपळ, त्याखाली पिल्लैयार, म्हणजे आपला गणपतीच. भोवतालची सपाट गोल वाट ही त्यांची प्रदक्षिणा. देव कायम उजव्या हाताला. वसंतराव त्यावरून चिडवायचे, पण चालायचे त्याच दिशेनं.

फाटकाशी कृष्णवेणी मोगरा गुंफत बसली होती. तंजावरकडच्या मराठी घरातली, मागच्या गल्लीत राहणारी. राव कधीचे गेले म्हणाली, एव्हाना फेरी पुरी व्हायला हवी होती.

विद्युलताबाईंची पावलं सवयीनं डावीकडे वळली.

“अक्का, तिकडून अख्खी बाग पडेल. तुझ्या गुडघ्यानं कधी पोचशील? उजवीकडून जा.”

त्या थबकल्या. डाव्या हाताला ठेवून उलटं फिरायचं ते चितेभोवती. सासरे गेले तेव्हाचं सगळं डोळ्यांपुढे आलं. आज यांच्यासाठी तीच फेरी घ्यायची? मुठीत धरलेली पदराची गाठ घामानं ओली झाली.

“जा गो. पिल्लैयाराला रोजची माळ माझी असते. माझं ऐकतो तो.”

त्या उजवीकडे वळल्या. पिंपळाकडे न बघता, लंगडत, भराभर. समोरून येणारे बाजूला होत होते. वाट उलटी आहे, असं एकानं तमिळमध्ये सुनावलंही.

बांबूंच्या वळणावर दगडी बाकाला धरून वसंतराव उभे होते. सदरा चिंब, ओठ पांढरे. परक्या बाईकडे बघावं तसं त्यांनी बघितलं आणि हात झिडकारला. विद्युलताबाईंनी हनुवटी घट्ट धरून चिमटी चिमटी साखर गालात सारली. ओठांत जप चालू होता, तोही मध्येच तुटत होता.

बऱ्याच वेळानं नजर ठिकाणावर आली.

“उलटी कशी आलीस?”

“तुम्ही सरळ जात होतात म्हणून.”

दंडाला धरून त्यांना फाटकाशी आणलं, कृष्णवेणीपाशी बसवलं. पिल्लैयाराला नारळ फोडायचा होता, पण तो मागून. आधी कोपऱ्यावरच्या मेसमधून यांच्यासाठी इडली आणायची होती.