यादोरावांचा कुडो

यादोराव एसटीचं तिकीट कानात खोचायचे. ओळखीच्या दगडाशी बोलायचे. शहरात रस्ता विचारायचे आणि सांगितला त्याच्या उलट दिशेला चालायचे. म्हणायचे, "सांगनारा आपल्याच घरचा रस्ता सांगते." वर्षातून एकदा, धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली की, धुतलेला सदरा घालून नागपूरला संग्रहालयं पाहायला जायचे.

पवनीतला धानाचा शेतकरी दरसाल संग्रहालयं कशाला पाहतो, हे मला कळत नव्हतं. १९७९ साली मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि घरी बसलो. यादोराव आमचे शेजारी. पौषातल्या एका सकाळी ते दारात उभे.

"चाल बीए. नागपूरले जाऊन राहिलो. तुह्या शिक्षनाचं काम पडलं."

माझ्या शिक्षणाचं पहिल्यांदाच कुणाला काम पडलं होतं. मी निघालो.

आधी अजबबंगला, म्हणजे तिथलं मोठं सरकारी संग्रहालय. पेंढा भरलेल्या वाघाला त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. "याच्या मिशा कमी हायेत. कोनं नेल्या?" तलवारींपुढे म्हणाले, "आमचा इळा बरा." पवनीच्या कोरीव दगडांपाशी मात्र हात जोडले. "गावचेच हाव जी आमी. वैनगंगेले पानी हाय. काळजी करू नोका." शेजारी उभी असलेली एक बाई आपल्या पोराला घेऊन नाण्यांच्या दालनात गेली.

दुपारी दुसरं संग्रहालय. गल्लीतलं, दोन खोल्यांचं. नांगर, जाती, गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा. कोपऱ्यात एक कुडो, म्हणजे धान मोजायचं बांबूचं माप. पालथा ठेवलेला. तो पाहून यादोरावांचा चेहरा उतरला.

मग सगळं कळलं. कुडो त्यांच्या वडिलांचा. तीन वर्षांपूर्वी संग्रहालयाचे साहेब गावात जुन्या वस्तू मागत आले, तेव्हा यादोरावांनी मोठेपणात देऊन टाकला. आमच्याकडे माप कधी रिकामं ठेवत नाहीत. मोजणी संपली तरी तळाशी मूठभर धान राहतं. पालथं घालणं तर लक्ष्मीला दार लावण्यासारखं. त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, तेव्हाच बजावलं होतं, "कुडो रिकामा रायला, त मी लाखांदूरले मायेरी चालली." मनकर्णाबाई बोलल्या तसं करणाऱ्या होत्या.

"म्हनून दरसाल भरतो," यादोराव कुजबुजले. "अन् हे लोक दरसाल झाडून टाकतात." त्यांनी खिशातून धानाची पुरचुंडी काढली. "त्या पहारेकऱ्याले बोलन्यात ठेव."

"काय बोलू?"

"साहित्य बोल ना बे! चार वर्स काय शिकला?"

मी पहारेकऱ्याला अलंकार समजावले. उपमेला त्यानं मान हलवली. उत्प्रेक्षेला त्याचे डोळे मिटले. मागे धान सळसळलं.

बाहेर येताच यादोरावांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. "मानूस झोपवला तुनं! बेकार विद्या नाही हे."

पुढची तीन वर्षं हेच चाललं. चौथ्या वर्षी गेलो तर कुडो सुलटा. आत आमचंच धान. समोर नवी पाटी : 'धान मोजण्याचे माप, मूळ धानासह.'

"वाच पुन्हा," यादोराव म्हणाले. मी तीनदा वाचली. "मूळ धान! मागच्या सालचं हाय ते!" ते पोट धरून हसले. मग हसू थांबलं. कुडोवर आता काचेची पेटी होती. पेटीला कुलूप. आणि धानावर एक सोंडा, धान पोखरणारा किडा, चालत होता.

ते थेट साहेबांकडे गेले. "धानाले कीड लागली जी. खाऊन टाकन सारं. मी नवं आनून देतो."

"ते मूळ धान आहे," साहेब म्हणाले. "बदलता येत नाही."

खरं सांगायची सोय नव्हती.  यादोराव म्हणाले, "घरी याचा जोड हाय. याच्याहून जुना. तो घ्या, हा वापस द्या."

मी थक्क. असा जोड त्यांच्या घरी नव्हता.

"जुना असेल तर आणा," साहेब म्हणाले. "पाहू."

परतताना मी विचारलं, "काका, जुना कुठून आणणार?"

"इनतो. अन् धुरावर धरतो. धुरात सारंच जुनं होते."

वयाच्या साठीत ते बांबूकाम करणाऱ्या नत्थूकडे विणायला शिकले. मनकर्णाबाईंना सांगितलं, कोंबड्यांसाठी टोपली करून राहिलो. पहिल्या तीन टोपल्या खरंच कोंबड्यांनाच गेल्या. चौथी जमत आली. दिवसा विणायचे, संध्याकाळी चुलीवर टांगायचे. बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या.

माघात ताप आला. चार दिवसांत यादोराव गेले.

मनकर्णाबाई मला अजून विचारतात, "बाबू, कुडो भरला हाय ना?" मी हो म्हणतो.

तो जोड त्यांच्या चुलीवर टांगलेला आहे. बूड काळं झालंय. काठ वळायचा राहिलाय, वरच्या कामट्या तशाच उभ्या आहेत.