आतली न्हाणी

शिवलिंगअप्पा कोणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी न्हाणीघर बघायला मागत. साखरपुडा असो नाहीतर बारसं. खिशात लोखंडी टेप असे. दाराची रुंदी, कमोडची उंची, भिंतीवरच्या दांड्याची जागा मोजून ते बाहेर येत आणि यजमानाला म्हणत, "दार आत उघडायलंय. माणूस आत पडला तर काढणार कसं?" यजमान हसत. अप्पा हसत नसत.

लातूरच्या जुन्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. घर आमच्या शेजारी, मधे एकच भिंत. त्यांच्याकडे संडास आणि न्हाणी अंगणापलीकडे, तीन पायऱ्या उतरून. त्या पायऱ्यांवरून त्यांच्या पत्नी, महानंदाकाकू, पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पायरी उतरणं पुन्हा जमलं नाही. शेजारपाजारच्या दोघींनी धरून न्यावं लागे. घरातच संडास-न्हाणी बांधायची, असं अप्पांनी ठरवलं, आणि त्या दिवसापासून ते दुसरं काही बोलेनासे झाले.

"आधी नकाशा, मग मिस्त्री," ते म्हणत. "भूकंप बघितलेलं गाव हाय हे. इथं भिंत विचारून पाडायची असती."

जागा स्वयंपाकघरामागे ठरली. पण त्या भिंतीला लागून देवघर. अप्पा रोज इष्टलिंगाची पूजा करणारे. संडासाच्या भिंतीशी पूजेला बसणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून देवघर पुढच्या खोलीत न्यायचं ठरलं. मग पुढच्या खोलीतला जिना आडवा येऊ लागला. जिना हलवायचा तर वरची खोली. स्वामींना विचारलं, तर त्यांनी अधिक महिना टाळायला सांगितलं. तो संपला तेव्हा उन्हाळा लागला होता आणि नळाला कधीतरीच पाणी येत होतं. "माणसाला प्यायला न्हाई, सिमेंटला कुठून पाजू?" अप्पा म्हणाले. हे खरंच होतं. अप्पांचं प्रत्येक कारण खरं असे.

काकूंना इतकं काही नको होतं. "अहो, पडवीत एक खुर्चीचा संडास ठेवा अन् पडदा लावा. झालं."

"माझ्या घरात तू पडद्याआड बसणार? लोक काय म्हणतील?"

"लोकाला काय म्हणायला जातंय? तेंच्या घरी सोय हाय."

अप्पा तोंड फिरवून नकाशाकडे बघत.

त्याच सुमारास काकूंनी दुपारनंतर पाणी पिणं बंद केलं. तहान लागली की ओठ ओले करत. माझ्या बायकोने कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "प्यालं की जावं लागतं, बाई. किती जणींना हाक मारू?" आधी लघवीला जळजळ, मग ताप, मग दवाखाना. डॉक्टरांनी पाणी वाढवायला सांगितलं. अप्पा दवाखान्याचं न्हाणीघर मोजून आले आणि नकाशातलं दार रुंद केलं.

शेवटी लेक ज्योती नांदेडहून आली. तिच्या फ्लॅटमध्ये सगळं आतच होतं. "आई, चल. अप्पांचं काम झालं की आणून सोडते." काकू रडल्या नाहीत. निघताना अप्पांना एवढंच म्हणाल्या, "लवकर करा. मला परघरी मरायचं न्हाई."

रोज संध्याकाळी अप्पा ओट्यावर बसून फोन करत. कानाला कमी ऐकू येत असल्यामुळे स्पीकर लावत. दोघांचं बोलणं आमच्याकडे ऐकू येई. सुरुवातीला ते नकाशाचं सांगत. मग एकदा म्हणाले, "खोदाई झाली." मी बाहेर येऊन पाहिलं. कुदळ लागलेली नव्हती. नंतर फोनवरच पाइप आले, मग भिंत उठली. "फरशी बसवायलेत," हेही एक दिवस मी ऐकलं. त्याच सकाळी रशीद मिस्त्री दारात विचारून गेला होता, "अप्पा, सुरू कधी करायचं ते तर बोला." त्याला उत्तर मिळालं होतं, "जिन्याचं ठरू दे."

ओट्याजवळ मी थांबलो, तर अप्पा खाली बघून म्हणाले, "ऐकलं की तिला चार घास जातात. ज्योती म्हणाली."

काकूंचं मूत्रपिंड तोवर निकामी होत आलं होतं. त्यांनी घरी नेण्याचा धोशा लावला, आणि काम झालंच आहे असं समजून ज्योतीने अप्पांना न कळवता गाडी काढली. लातूरला काकू आल्या ते तेव्हा शेवटचंच. पुढच्याच महिन्यात त्या नांदेडला वारल्या.

गाडी फाटकाशी थांबली. ज्योती अंगणात आली आणि तिथेच उभी राहिली. एक वीटसुद्धा आलेली नव्हती. गाडीतून काकूंनाही ते दिसत होतं. अप्पा बाहेर आले, गाडीपाशी गेले आणि खिडकीच्या अर्ध्या उतरलेल्या काचेवर हात ठेवून उभे राहिले.

काकूंनी विचारलं, "फरशी कोणच्या रंगाची घेतलीत?"

"पांढरी," अप्पा म्हणाले.

"पांढरी लवकर मळती." मग त्यांनी लेकीला हाक मारली. "ज्योती, गाडी वळव. उजेड हाय तोवर पोचू."

ज्योती गाडीत बसली. काच वर जाऊ लागली, तेव्हा अप्पांनी हात काढला.