धर्माच्या कपाटातलं घोरणं

एका इराणी बाईच्या कवितांचा मी केलेला मराठी अनुवाद काल वाचनालयात दिसला. कवितेच्या नव्हे, ‘धर्म’ लिहिलेल्या कपाटात, नमाज शिकवणाऱ्या पुस्तिकेला टेकलेला. माझं डोकंच फिरलं. ही बाई नवऱ्याच्या घोरण्यावर लिहिते, आंबट निघालेल्या डाळिंबावर लिहिते. जात्यावर बसलेली आपली बाई कुरकुरते ना, अगदी तशीच.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, “सर, नाव मुसलमानी आहे ना, म्हणून तिकडे ठेवलं.”

“मग त्या फ्रेंच कविता बायबलशेजारी का नाही ठेवल्या?”

मी पुस्तक कवितेच्या कपाटात नेलं आणि सहज शेवटचं पान उघडलं. तारखांच्या कागदावर एकही शिक्का नव्हता. आपल्याच घरातलं ते घोरणं पुस्तक इथे आल्यापासूनच्या चार वर्षांत एकाच्याही कानावर पडलं नव्हतं.