अर्धं पिस्तूल

व्हर्लिन स्टॅम्परच्या दुकानात येणारा प्रत्येक जण तोच प्रश्न घेऊन यायचा आणि व्हर्लिनला त्या प्रश्नाचा आता मनापासून वीट आला होता. पिस्तुलाच्या वरच्या भागावर एक नंबर, खालच्यावर दुसरा, तर मी तुरुंगात जाणार का? खाणी बंद पडल्यापासून केंटकीच्या त्या डोंगरी गावात कामं कमी आणि बंदुका जास्त झाल्या होत्या. लोक याची नळी त्याला लावत, त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, याला बसवत, आणि न्हाव्याकडे कुणी भीती घातली की व्हर्लिनकडे धावत येत.

आज होबर्ट आला होता. शाळेची बस चालवणारा, तोंडाचा फटकळ.

"ही स्लाइड माझी नाही," पिस्तूल काउंटरवर ठेवत तो म्हणाला. "काल पुसताना बघितलं. खाली माझा नंबर, वर भलताच. शेरीफनं धरलं तर नोकरी जाईल माझी."

"कायद्याच्या लेखी खालचा सांगाडा म्हणजे बंदूक," व्हर्लिननं नेहमीचा पाठ म्हणून दाखवला. "त्याच्यावरचा नंबर शाबूत आहे ना? मग झालं. वरची स्लाइड, नळी, स्प्रिंग हे नुसतं लोखंड. बदललंस तर गुन्हा नाही. नंबर कानशीनं घासलास तर मात्र आत जाशील."

"मग ही कुणाची?"

"चर्चच्या पाळकाची असेल. त्याचंही असंच पिस्तूल तुझ्याबरोबरच दुरुस्तीला आलं होतं."

"म्हणजे आता चाप ओढायच्या आधी प्रार्थना म्हणू का? झोपेत काम करतोस हल्ली."

व्हर्लिन हसला नाही. पिस्तूल ठेवून जा म्हणाला. त्या स्लाइडींचं काम त्यानं केलंच नव्हतं. ते लॉनीनं केलं होतं.

लॉनी त्याचा मुलगा. खाणीत पाठ मोडून घेतली, दुखण्यावरच्या गोळ्या खायला लागला, मग विकायला लागला, आणि शिक्षा भोगून आला. शिक्षा झालेल्या माणसानं बंदुकीला हात लावायचा नाही, म्हणजे बापाचं दुकान त्याला कायमचं बंद. पण हात असा की नेम धरायची माशी बसवावी तर त्यानंच. व्हर्लिननं वकिलाला गाठलं. वकील म्हणाला, नुसत्या स्लाइडी आणि नळ्या असतील तर करू दे, पण अख्खं पिस्तूल त्याच्या आसपासही दिसता कामा नये. कायद्याचा हा एवढा उपकार बापलेकांना पुरला. व्हर्लिन पिस्तुलं उकलायचा, सांगाडे तिजोरीत ठेवायचा, आणि वरचे भाग खाणीतल्या जुन्या जेवणाच्या डब्यात घालून टेकाडावरच्या लॉनीच्या ट्रेलर-घरात न्यायचा आणि काम झालं की परत आणून जोडायचा. काम आलं तसा लॉनी माणसात आला. डोळे निवळले, खोटं बोलणं थांबलं. काम सुटलं तर तो पुन्हा गोळ्यांकडे जाईल, ही धास्ती व्हर्लिनला रोज असायची. बाकी कशाची भीती बाळगायचं त्याचं वय उरलं नव्हतं.

आणि आता ही चूक. शुद्धीवर असलेला लॉनी अशी चूक करणार नाही, एवढंच व्हर्लिनच्या डोक्यात घुमत राहिलं. त्यानं पिस्तूल कोटाच्या खिशात कोंबलं आणि गाडी टेकाडावर घातली.

लॉनी शेगडीवर घेवड्याच्या शेंगा ढवळत होता. व्हर्लिननं पिस्तूल काढून जेवणाच्या टेबलावर आपटलं.

"परत सुरू केलंस ना? खरं सांग."

लॉनीनं बापाकडे बघितलंच नाही. टेबलाकडे बघितलं. मग दोन्ही हात अंगापासून लांब धरून, भिंतीला घासत तो दाराबाहेर गेला आणि अंगणात जाऊन उभा राहिला.

"डॅडी, अख्खं आणलंत? माझ्या घरात?"

इतकी वर्षं व्हर्लिननं एकही सांगाडा या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. त्यानं पिस्तूल उकलून दोन तुकडे केले. तेवढंच सुचलं.

"काय झालंय ते सांगा," लॉनी बाहेरून म्हणाला.

"होबर्टच्या पिस्तुलावर पाळकाची स्लाइड."

"सांगाड्यावर नंबर काय आहे?"

व्हर्लिननं सांगाडा उजेडाकडे धरला. जवळ घेतला, लांब नेला, चष्मा कपाळावर ढकलला. "सात... नाही, एक. मग आठ."

लॉनी बाहेरून खिडकीशी आला.

"काचेला टेकवा," लॉनी म्हणाला. व्हर्लिननं सांगाडा आतून खिडकीला लावला. लॉनी हात खिशात घालून वाकला आणि त्यानं वाचलं. मग स्लाइड वाचली.

"डॅडी, मी दोन्ही वेगळ्या फडक्यांत बांधून दिल्या होत्या. वर नंबराच्या चिठ्ठ्या होत्या."

"होत्या," व्हर्लिन म्हणाला. चिठ्ठ्या त्याला आत्ता आठवल्या. त्या वाचता येत नाहीत म्हणून त्यानं कचऱ्यात टाकल्या होत्या आणि अंदाजानं जोडलं होतं.

"कधीपासून दिसत नाही?"

"गेल्या हिवाळ्यापासून. तुला सांगणार होतो." तो टेबलाशी खाली बसला. त्याला आपलीच शरम वाटत होती आणि शरमेपेक्षा थकवा जास्त होता. "मला वाटलं, तू परत..."

"कळलं मला. नाहीतर अख्खं पिस्तूल खिशात घालून आला नसतात."

शेंगा करपल्याचा वास सुटला. लॉनी आत येऊ शकत नव्हता, म्हणून व्हर्लिननंच उठून शेगडी बंद केली.

"मी नाही वाचू शकत आणि तू नाही हात लावू शकत," तो म्हणाला. "उद्या एखाद्याची नळी चुकीची बसवेन आणि कुणाचा तरी डोळा जाईल. दुकान बंद करतो, लॉनी."

"करा," लॉनी म्हणाला. मग हळूच, लहानपणी विचारायचा तसं, "आणि मी काय करू?"

व्हर्लिननं पिस्तुलाचे दोन्ही तुकडे खिशात घातले आणि तो पायऱ्या उतरला. तो जवळून जाताना लॉनी चार पावलं मागे सरला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत आपल्याच घराबाहेर उभा राहिला.